नाव पाहून दिलेला इशारा

डुलूथ, मिनेसोटा
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय वेंडेल,

नाताळच्या कार्डानंतर तुझा पत्ता नाही. कॅलिफोर्नियाच्या उन्हात माणसं वितळतात असं ऐकून होते, ते खरं दिसतंय. इथे बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलाय आणि तुझ्या भावाचं फावडं अजून मीच चालवते.

काल वॉशिंग्टनहून दोन सरकारी वकील आले. एक लॉरेटा पिंकनी नावाची बाई आणि तिच्याबरोबर एक तरुण, जो सारखा नाक पुसत होता. मी कॉफी केली, वेलचीचा पाव कापला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि मग कामाचं काढलं.

"मिसेस कंगास, तुमच्या नवऱ्याचा प्रोग्रॅम चांगला चालत होता म्हणतात. मग लोकांनी तो घेणं का सोडलं?"

मी म्हटलं, "इशारा यायचा म्हणून." आणि सगळं सांगितलं. दवाखाना असो की चर्च, 'हार्बर' सुरू केला की ब्रॅन्थमची ती पिवळी चौकट पडद्यावर यायची: हा प्रोग्रॅम या संगणकाला सुरक्षित नसू शकतो, तुमची माहिती नष्ट होऊ शकते. दवाखान्यातली माणसं ते वाचून घाबरायची. घाबरणारच. संगणक सगळे ब्रॅन्थम कंपनीच्या प्रणालीवर चालणारे आणि नोंदी ठेवायचा ब्रॅन्थमचा स्वतःचाही प्रोग्रॅम होताच की. तो सुरू केला तर कसलीच चौकट यायची नाही.

पिंकनीबाई म्हणाल्या, "मोठं असणं हा गुन्हा नाही. पण त्या मोठेपणाच्या जोरावर कुणी दुसऱ्याचा गळा दाबला, तर मक्तेदारीविरोधी कायदा आहे. तुमच्यासारखे आणखीही काहीजण आम्हाला भेटलेत."

त्यांना रेनोचा संगणक हवाय आणि मी कोर्टात उभी राहायला हवी आहे. काय करू? हार्बर तुम्ही दोघा भावांनी मिळून लिहिलात, म्हणून तुला विचारते. तू आता ब्रॅन्थमच्या पगारावर आहेस, हे मला माहीत आहे. तरीही तुलाच विचारते.

रेनोला जाऊन पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. हार्बरच्या मदतीचा फोन मी अजून तोडलेला नाही. परवाच दक्षिण डाकोटातल्या एका चर्चमधल्या बाईंचा आला होता. "चौकट पुन्हा आली हो, काय करू?" मी म्हटलं, "ठीक आहे म्हणा आणि पुढे जा." त्या म्हणाल्या, "तुमचे मिस्टरही हेच सांगायचे."

तुझी,
हेल्मी


सॅन होजे
२० फेब्रुवारी १९९८

प्रिय हेल्मी,

तुझं पत्र मिळालं. यापुढेही असं कागदावरच लिही आणि घरच्या पत्त्यावर पाठव. ऑफिसातलं आमचं प्रत्येक टपाल सध्या वकिलांच्या नजरेखालून जातं.

संगणक त्यांना देऊन टाक. पण तू उभी राहू नकोस.

मी ब्रॅन्थमचं मीठ खातो म्हणून हे सांगतोय असं तुला वाटेल. तसं नाही. इथले वकील मी रोज पाहतो. एक अख्खा मजला आहे त्यांचा. ते तुला काही करणार नाहीत, तुझ्याशी गोडच बोलतील. ते रेनोला चिरफाडीच्या टेबलावर घेतील. त्याने लिहिलेली एकेक ओळ उलगडून विचारतील, हे असं का? उत्तर द्यायला तो नाही. आपण त्याला एकदा पुरलंय. पुन्हा उकरायला लावू नकोस.

फोनही बंद कर आता. तो फोन तू लोकांसाठी उचलत नाहीस, हे तुलाही कळतं.

वेंडेल


डुलूथ
६ मार्च १९९८

प्रिय वेंडेल,

मी पिंकनीबाईंना होकार कळवला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा इतकी चिडले की पायऱ्यांवरचा सगळा बर्फ एका दमात काढला. रेनोला म्हणे टेबलावर घेतील! वेंडेल, तो दोन वर्षं टेबलावरच होता. तू तेव्हा तिकडे निघून गेला होतास. जावंच लागलं तुला, दोन घरं चालतील एवढं दुकान उरलं नव्हतं, तो दोष मी कधी दिला नाही. पण मग ते पाहिलं फक्त मी.

सकाळी तळघरात उतरायचा, हार्बर सुरू करायचा, चौकट यायची. "बघ, आहे. कुठेतरी माझीच चूक आहे." एक भाग बदलायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा चौकट. त्याने ब्रॅन्थमला किती वेळा फोन केले. तिकडून एक मुलगी छान आवाजात सांगायची, "सर, आमची प्रणाली तुमच्या प्रोग्रॅममधला धोका ओळखते आहे." कसला धोका? ते तिला माहीत नसायचं. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचा. मी म्हणायचे, "अरे, चालतोय ना तो नीट? कुणाची तक्रार आहे का?" त्यावर म्हणायचा, "हेल्मी, धूर दिसतोय म्हणजे कुठेतरी आग असणार."

तू तिथे आहेस. कुणाला तरी विचार, ती चौकट नक्की कशामुळे येत होती? एवढं एक मला कळू दे.

हेल्मी


सॅन होजे
१७ एप्रिल १९९८

प्रिय हेल्मी,

विचारलं. ज्याला विचारलं तो माझ्याबरोबर जेवायला बसायचा, आता दुसऱ्या टेबलावर बसतो.

मला वकिलांच्या मजल्यावर बोलावलं होतं. याहून जास्त लिहिता येत नाही.

दोन गोष्टी विचारतो, आठवून सांग. रेनोने हार्बरची शेवटची आवृत्ती जायच्या किती आधी पाठवली होती? आणि ती घेतलेल्यांपैकी कुणाचा काही फोन आला होता का? काही बिघडलं, काही हरवलं, असं?

वेंडेल


डुलूथ
२ मे १९९८

प्रिय वेंडेल,

शेवटची आवृत्ती तो गेला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गेली. मीच तबकड्या पाकिटात भरल्या होत्या. फोन कुणाचा आला नाही. रेनो त्या आठवड्यात बराच बरा होता, जेवला-खाल्ला, मासे धरायला जाऊ म्हणाला.

असं का विचारतोस?

तळ्यावरचा बर्फ गेला. या वर्षी लवकरच गेला.

हेल्मी


डुलूथ
८ ऑक्टोबर १९९८

वेंडेल,

उन्हाळाभर तुझं एक अक्षर नाही. मी समजायचे, कामात असशील. आज पिंकनीबाईंचा फोन आला, साक्षीदारांची नावं सांगायला. ब्रॅन्थमच्या बाजूने: वेंडेल कंगास.

दुसरा कुठला वेंडेल कंगास असेल तर कळव. नसेल तर काही कळवू नकोस.

तुमची आई वारली तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास आणि रेनो तुला घरी घेऊन आला. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. तुझ्या शाळेच्या कोटाला अस्तर मी लावलं. आता तू त्यांना दाखवणार, भावाने कुठे कच्चा टाका घातला ते. छान. तिकडची हवा चांगली मानवली तुला.

हेल्मी


सॅन होजे
१९ ऑक्टोबर १९९८

हेल्मी,

दुसरा वेंडेल कंगास नाही.

मला साक्षीला उभं करायचं त्यांनी ठरवलं, मी नाही. शपथ घेतल्यावर जे विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. त्याआधी तुला काही सांगितलं तर ते म्हणतील, दोघांनी मिळून शिजवलंय, आणि तुझाच शब्द हलका होईल. म्हणून गप्प आहे.

कोट अजून आहे माझ्याकडे. इथे थंडी नाही, तरी आहे.

वेंडेल


डुलूथ
२५ जानेवारी १९९९

वेंडेल,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण कोर्टात जे झालं ते हार्बर लिहिलेल्या दुसऱ्या माणसाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी साक्ष गेल्या आठवड्यात झाली. वॉशिंग्टनमध्ये पाऊस पडत होता आणि माझे बर्फाचे बूट पाहून दारातला शिपाई हसला. पिंकनीबाईंनी रेनोचा संगणक मांडून ठेवला होता. त्याच्या कडेला अजून कॉफीचा डाग आहे. त्यांचा तज्ज्ञ कीबोर्डपाशी बसला आणि त्याने हार्बर सुरू केला. चौकट आली. सगळ्या कोर्टाने वाचली.

मग पिंकनीबाई म्हणाल्या, "आता प्रोग्रॅममधलं एक अक्षरही न बदलता आम्ही फक्त त्याचं बाहेरचं नाव बदलणार आहोत. मिसेस कंगास, एखादं नाव सांगा. कुठलंही."

न्यायमूर्ती म्हणाले, "सांगा, बाई, घाबरू नका."

मी म्हटलं, "हेल्मी."

त्याने 'हार्बर' पुसून 'हेल्मी' लिहिलं आणि सुरू केला. तो सरळ उघडला. चौकट नाही, काही नाही. तुम्ही काढलेलं ते दीपगृहाचं चित्र आणि पहिलं पान.

पिंकनीबाईंनी विचारलं, "म्हणजे ब्रॅन्थमची प्रणाली या प्रोग्रॅममध्ये काय तपासत होती?"

तज्ज्ञ म्हणाला, "काहीच नाही. नाव 'हार्बर' आहे का, एवढंच पाहत होती. असेल तर इशारा द्यायचा."

ब्रॅन्थमचा वकील आक्षेप घ्यायला उठला. तो काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. दोन वर्षं, वेंडेल. त्याने सगळं करून पाहिलं. नाव बदलून पाहिलं नाही. कसं पाहील? कुणी मुद्दाम खोटं सांगत असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

परतताना विमानात खिडकीशी बसले होते. शेजारच्या जागेवर कुणी नव्हतं. मी तिकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बोलले असते.

तुझी पाळी कधी आहे?

हेल्मी


सॅन होजे
१२ मार्च १९९९

प्रिय हेल्मी,

झाली माझी साक्ष. आता सगळं लिहितो. खुर्चीत बसून वाच.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वकिलांनी मला हार्बरची शेवटची आवृत्ती दिली आणि म्हणाले, यात खोट शोध, तुझ्याइतकं हे कुणाला कळणार? मला वाटलं, शोधून शोधून रिकाम्या हाताने परत जाईन आणि त्यांची तोंडं बंद होतील. पण खोट सापडली. हेल्मी, शेवटच्या आवृत्तीत खरोखरची चूक आहे. दोन माणसांचं आडनाव आणि जन्मतारीख एकच असेल तर दुसऱ्याची नोंद पहिल्यावर चढते आणि पहिली पुसली जाते.

हे तुला कुठल्या तोंडाने लिहायचं? म्हणून तेव्हा फक्त विचारलं, कुणाचा फोन आला होता का. तू नाही म्हणालीस. हायसं वाटलं.

कोर्टात त्यांच्या वकिलाने विचारलं, "या प्रोग्रॅममुळे लोकांची माहिती नष्ट होऊ शकते. हो की नाही?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे आमच्या अशिलाने दिलेला इशारा खरा होता."

मी म्हटलं, "इशारा त्र्याण्णव साली सुरू झाला. ही चूक पंचाण्णवच्या आवृत्तीत आहे. त्याआधीच्या प्रत्येक आवृत्तीत तो भाग मी लिहिलेला आहे आणि तो बिनचूक आहे. तपासून पाहा."

वकील घाईघाईने म्हणाला, "माझे प्रश्न संपले." पण न्यायमूर्तींनी मला थांबवलं. "चांगला चालणारा भाग तुमच्या भावाने बदलला कशाला?"

मी म्हटलं, "कारण घरात आग आहे असं हे लोक त्याला दोन वर्षं सांगत होते. आग सापडेना, तेव्हा तो भिंती फोडून पाहायला लागला. आणि एक भिंत घराला तोलून धरणारी निघाली."

पिंकनीबाईंनी मला काहीच विचारलं नाही. खाली बसूनच मान हलवली.

ब्रॅन्थममधलं माझं टेबल दुसऱ्याच दिवशी रिकामं करून मिळालं. ते ठीक आहे. मला एकच विचारायचंय आणि या वेळी खरं सांग. तुझ्या मे महिन्यातल्या पत्रात तू विचारलं होतंस, असं का विचारतोस. तुला मी ओळखतो. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं तो तसं विचारत नाही. फोन आला होता का?

वेंडेल


डुलूथ
३० मार्च १९९९

प्रिय वेंडेल,

आला होता.

रेनो गेला त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. मीच उचलला. आयर्न रेंजवरच्या, त्या खाणींच्या भागातल्या, एका दवाखान्यातली नर्स, फ्रान्सेस ग्राहेक. जुळ्या मुली होत्या, लहान. एकीला पेनिसिलिन चालत नाही, ती नोंदच संगणकातून नाहीशी झालेली. डॉक्टर नवा होता, त्याने सुई दिली. मुलगी सुजली, श्वास घेईना. रुग्णवाहिकेने इकडे डुलूथला आणत होते.

मी रेनोच्या हातात फोन दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तो फार थोडं बोलला. "हो. हो. कळलं. मी येतो." जेवायला बसला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी गाडीत मासे धरायचं सामान टाकलं आणि म्हणाला, "व्हर्मिलियन तळ्यावर जाऊन येतो." मार्च संपत आला होता. वेंडेल, बर्फ त्याला कळायचा. नुसतं पाऊल टाकून सांगायचा कुठे पातळ आहे ते. तुम्ही दोघं त्या तळ्यावरच मोठे झालात.

शेरीफ म्हणाले, बर्फ फुटून पाण्यात गेला, अपघात. पाद्रीही म्हणाले, अपघात. मीही म्हणाले. फोनचं सांगितलं असतं तर कुणीतरी दुसरा शब्द काढला असता. त्या मुलीचं पुढे काय झालं हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. डुलूथच्या त्या इस्पितळावरून जावं लागू नये म्हणून मी वळसा घालून बाजारात जाते.

मदतीचा फोन मी का तोडला नाही, हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. ती नर्स पुन्हा करेल म्हणून. आणि ती करेल या भीतीने प्रत्येक वेळी तो दोन-तीनदा वाजू देते, मग उचलते.

हेल्मी


सॅन होजे
९ एप्रिल १९९९

प्रिय हेल्मी,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय.

तिच्याकडे जा. निकाल लागेल तेव्हा लागेल. ब्रॅन्थमवाले वर अपील करतील, वर्षं जातील. त्या कोर्टातून आपल्याला हे कळणार नाही. मी यायला तयार आहे. पण मला वाटतं, तू एकटी गेलीस तर ती जास्त बोलेल.

वेंडेल


डुलूथ
१५ मे २०००

प्रिय वेंडेल,

एक वर्ष लागलं मला. भित्री म्हण.

निकाल तू वाचलाच असशील. ब्रॅन्थमने कायदा मोडला, प्रतिस्पर्ध्यांना चिरडायला आपली प्रणाली हत्यारासारखी वापरली, तो इशारा पुढच्या आवृत्तीतून काढावा, वगैरे. पिंकनीबाईंनी फोनवर वाचून दाखवला. आवाजात आनंद होता त्यांच्या, आणि तो त्यांचा हक्कच आहे. हार्बरला त्यात एक परिच्छेद आहे. रेनोचं नाव नाही, 'एक लहान प्रतिस्पर्धी' असं आहे. मी तो परिच्छेद कापून पाकिटात घातला आणि त्याच आठवड्यात गाडी काढून रेंजवर गेले.

फ्रान्सेस ग्राहेक आता निवृत्त झाली आहे. दार तिनेच उघडलं. मी नाव सांगितल्यावर तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "आत ये. तू येशील असं मला पहिल्या वर्षी वाटायचं." अक्रोडाची पोतित्सा म्हणून गोड पाव असतो, तो कापला, कॉफी ओतली. मी कोट न काढताच विचारलं, "ती मुलगी?"

"जगली ना! दुसरीत आहे. दोघी बहिणी परवाच इथून गेल्या, माझे ट्यूलिप तोडून."

मी किती वेळ रडले ते मला माहीत नाही. तिने रडू दिलं.

मग तिने सांगितलं. रेनो त्या सकाळी आधी दवाखान्यातच गेला होता. मुलगी वाचली, हे त्याला तिथे गेल्या गेल्या कळलं होतं, वेंडेल. ते कळून तो तळ्यावर गेला. त्याने बसून चूक शोधली. फार वेळ लागला नाही, म्हणाली. जुनी आवृत्ती परत चढवली, कागदांवरून नोंदी नीट केल्या. फ्रान्सेसच्या हातचं खाल्लं, चांगलं झालंय म्हणाला. शेवटी सगळं बरोबर चालतंय का पाहायला हार्बर सुरू केला. पुन्हा ती चौकट आली.

फ्रान्सेस म्हणाली, "त्याने त्या चौकटीवर बोट ठेवलं. मग मला म्हणाला, 'खरं होतं की हे. मला दिसायच्या आधी याला दिसलं होतं.'"

मी पाकीट काढलं. तो परिच्छेद तिला वाचून दाखवला, नावाचं सांगितलं, कोर्टात 'हेल्मी' लिहिल्यावर काय झालं ते सांगितलं. ती पुन्हा एकदा वाच म्हणाली. मी वाचला.

"मग त्याला कुणी सांगितलं का नाही?" तिने विचारलं. जणू मला उत्तर माहीत असावं. मी म्हटलं, "ज्यांना माहीत होतं त्यांचा तो धंदा होता."

निघताना ती फाटकापर्यंत आली. तिथे उभी राहून म्हणाली, "आणखी एक आहे. हे मी शेरीफला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही. जाताना तो म्हणाला, जरा तळ्यावर बसतो. मी म्हटलं, 'जाऊ नकोस रे, बर्फ पातळ झालाय. माझ्या नवऱ्याने गेल्याच आठवड्यात बर्फावरची मासे धरायची झोपडी ओढून किनाऱ्याला आणली.' त्यावर तो टोपी घालून म्हणाला, 'बरं झालं सांगितलंत.'"

एवढंच. बरं झालं सांगितलंत. याचा अर्थ मी येताना सगळा रस्ता लावत आले. कधी एक वाटतो, कधी दुसरा. आज सकाळी तिसराच वाटला. तुला लिहायचं की नाही यावरही पुष्कळ विचार केला, पण तू आणि मी एकमेकांपासून पुरेसं लपवून झालंय.

तू जूनमध्ये ये. वाफेची सौना तापवून ठेवते. अर्थ लावायला मला दुसरं कुणी नको.

तुझी,
हेल्मी